अभ्यासक्रम तोच ठेवून कलनाचे अध्यापन कसे बदलावे : प्रथम वर्षाच्या गणित शिक्षकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

कलन (कॅल्क्युलस) शिकवण्याची पद्धत सुधारायची असे एखाद्या गणित विभागात ठरले, की पहिली धाव प्रोजेक्टरकडे जाते, दुसरी जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कार्यशाळेकडे, आणि प्रश्नपत्रिकेची आठवण सत्र संपत आल्यावर होते. हा क्रम उलटा आहे आणि त्याच कारणाने बहुतेक प्रयत्न वर्षभरात विरून जातात. विद्यार्थी अभ्यास करतो तो मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुढ्यात ठेवून. त्या जुन्याच राहिल्या, तर पडद्यावर सरकणारी स्पर्शिका त्याच्या लेखी घटकाभराची करमणूक ठरते. आमच्या विभागानेही पहिल्या वर्षी हीच चूक केली होती. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत, अशी विनंती आरंभीच करून ठेवतो.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांत प्रथम वर्ष विज्ञानाला कलन शिकवणारे शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. वर्गात साठ ते शंभर विद्यार्थी आहेत, त्यांतील बरेच एसटीने ये-जा करतात, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजी पुस्तकांकडे वळलेले आहेत, आणि बारावीत डेरिव्हेटिव्ह (एखाद्या क्षणीचा बदलाचा दर) काढण्याचा सराव झालेला असला तरी निघालेले उत्तर कशाचे आहे हे विचारल्यास गप्प बसतात, असे मी गृहीत धरतो.

## टप्पा १ : हातात काय आहे ते मे महिन्यातच मांडावे

अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते आणि त्यातील घटक गाळण्याचा अधिकार महाविद्यालयाला नसतो. मात्र घटकांचा आपसातील क्रम, प्रत्येकाला द्यायचा वेळ, उदाहरणे, प्रात्यक्षिके, ट्युटोरियल आणि अंतर्गत मूल्यमापन ही सर्व विभागाच्या हातातली बाब असते. आणि जिथे प्रथम वर्षाची सत्र परीक्षा महाविद्यालयच घेते, तिथे प्रश्नपत्रिकाही आपणच काढतो. "अभ्यासक्रम बदलल्याशिवाय काही करता येत नाही" असे म्हणणाऱ्याने एकदा ही यादी लिहून पाहावी.

त्यानंतर तासांचा हिशेब करावा. एका श्रेयांकाला (क्रेडिटला) १५ तास या हिशेबाने तीन श्रेयांकांच्या विषयाला कागदावर ४५ तास मिळतात. प्रत्यक्षात अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या सुट्ट्या, गणपतीत रिकामे होणारे वर्ग आणि युवा महोत्सवाची धावपळ वजा जाता आखणी ३६ तासांचीच करावी. उरलेले तास मिळाले तर ते उजळणीला वापरावेत. गणपतीची सुट्टी कोणत्या आठवड्यात येते हे पंचांगात आधी पाहावे आणि कोणतीही नवी संकल्पना त्या सुट्टीपूर्वीच्या दोन तासांत उघडू नये. अर्धवट सोडलेली लिमिट (फंक्शन ज्या किमतीकडे सरकत जाते ती) विसर्जनानंतर पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागते, असा अनुभव आहे.

याच महिन्यात हे काम कोण करणार तेही ठरवावे. अनेक विभागांत निम्मे अध्यापन तासिका तत्त्वावरील शिक्षक करतात, त्यांना मानधन केवळ घेतलेल्या तासांचे मिळते, आणि आखणीच्या बैठकांना ते फुकट यावेत अशी अपेक्षा केली जाते. ती अपेक्षा अन्यायाची तर आहेच, शिवाय व्यवहारातही टिकत नाही. बैठका मोजक्या ठेवाव्यात आणि तयार केलेले प्रश्न एका सामायिक फाइलीत ठेवावेत, म्हणजे शिक्षक बदलला तरी काम मागे राहते.

इशारा. सर्व तुकड्यांत एकाच वर्षी बदल करू नये. एक तुकडी आणि दोन शिक्षक पुरेसे आहेत.

## टप्पा २ : पहिल्या आठवड्यात निदान चाचणी

ही चाचणी चाळीस मिनिटांची, आठ प्रश्नांची आणि बिनगुणांची असावी. गुण ठेवले की विद्यार्थी शेजारच्याच्या कागदात डोकावतो आणि निदान बिघडते. प्रश्न बारावीच्या पुस्तकातील नसावेत, तर त्या पुस्तकाखाली जी जमीन आहे ती भक्कम आहे का हे पाहणारे असावेत. आम्ही वापरतो त्यांपैकी काही असे :

फंक्शन "क्षचा वर्ग वजा ३क्ष" असे दिले असता क्षच्या जागी "क्ष + ह" ठेवून विस्तार करणे. "क्षचा वर्ग अधिक ९" याचे वर्गमूळ क्ष + ३ असते का, हे कारणासह सांगणे. गाडीच्या वेगाचा आलेख देऊन, गाडी सर्वांत पुढे केव्हा होती आणि सर्वांत वेगात केव्हा होती, असे दोन वेगळे प्रश्न विचारणे. कोकण रेल्वेचा चढ साधारणपणे १५० मीटरला १ मीटर यापेक्षा तीव्र नसतो. हा चढ दशांशात लिहिणे आणि दीड किलोमीटरमध्ये रूळ जास्तीत जास्त किती उंचावतील ते सांगणे.

उत्तरे तपासताना बरोबर-चूक एवढ्यावर थांबू नये. चुकांचे तीन ढीग करावेत : बीजगणिताच्या चुका, आलेख वाचण्याच्या चुका, आणि भाषा न समजल्यामुळे झालेल्या चुका. आपल्याकडे तिसरा ढीग अपेक्षेपेक्षा मोठा निघतो आणि तो बहुधा पहिल्या ढिगात लपलेला असतो. तोच प्रश्न मराठीत विचारून उत्तर बदलते का हे पाहिल्याशिवाय विद्यार्थ्याचे बीजगणित कच्चे आहे असा निष्कर्ष काढू नये.

तपासणी. निम्म्याहून अधिक विद्यार्थी पहिल्याच प्रश्नात अडले असतील, तर त्यासाठी वर्गातील तास खर्च करू नयेत. पहिल्या तीन आठवड्यांच्या ट्युटोरियलमध्ये फक्त तेवढेच काम घ्यावे.

कागद जपून ठेवावेत. शेवटच्या टप्प्यात त्यांची गरज पडते.

## टप्पा ३ : शिकवण्याआधी प्रश्नपत्रिका लिहावी

सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा हाच आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो.

सत्र सुरू होण्यापूर्वी सत्रान्त परीक्षेची एक पूर्ण नमुना प्रश्नपत्रिका विभागाने बसून लिहावी. मागील वर्षीची प्रश्नपत्रिका शेजारी ठेवावी आणि तिच्यातील प्रत्येक प्रश्नासमोर, "पुस्तक न समजता केवळ पायऱ्या पाठ करून हा सुटतो का?" या एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे. बहुतेक प्रश्नपत्रिकांत जवळजवळ सर्व उत्तरे "होय" अशी येतील. नव्या प्रश्नपत्रिकेत साधारण चाळीस टक्के गुण नियम वापरून गणित सोडवण्याला, चाळीस टक्के अर्थ सांगण्याला आणि वीस टक्के एखादी परिस्थिती गणितात मांडण्याला द्यावेत. हे प्रमाण माझे आहे, कोणत्याही नियमावलीचे नाही. आपल्या वर्गाप्रमाणे ते हलवावे, मात्र पहिला हिस्सा शून्यावर आणू नये. हातात कौशल्य नसलेल्या विद्यार्थ्याची संकल्पना फार काळ टिकत नाही.

अर्थ विचारणारे प्रश्न लिहिणे अवघड वाटते, पण जुन्याच प्रश्नांना थोडे वळण दिले तरी काम होते. तीन नमुने पाहू.

पहिला : क्षच्या वर्गाचा व्यस्त हे फंक्शन वजा १ पासून १ पर्यंत संकलित करताना, म्हणजे त्याचे इंटिग्रल काढताना, एका विद्यार्थ्याने सूत्र वापरून वजा २ असे उत्तर काढले. हे फंक्शन तर कुठेही ऋण नाही. मग उत्तर ऋण कसे आले? इथे विद्यार्थ्याला गणित करायचे नाही, चूक शोधायची आहे; शून्यापाशी फंक्शन अमर्याद वाढते आणि म्हणून ते सूत्र तिथून ओलांडून नेता येत नाही, हे त्याला सांगावे लागते.

दुसरा : चौरस तळाची, वरून उघडी, ४ घनमीटर पाणी मावेल अशी टाकी कमीत कमी पत्र्यात बनवायची आहे. तळाची बाजू क्ष मीटर धरली तर लागणारा पत्रा "क्षचा वर्ग अधिक १६ भागिले क्ष" इतके चौरस मीटर होतो, आणि डेरिव्हेटिव्ह शून्य धरल्यास बाजू २ मीटर, उंची १ मीटर व पत्रा १२ चौरस मीटर येतो. नेहमीची प्रश्नपत्रिका इथे थांबते. आपण पुढे विचारावे : कारागिराकडून बाजू १० सेंटीमीटरने चुकली तर किती जादा पत्रा लागेल? बाजू १.९ असो की २.१, पत्रा सुमारे १२.०३ चौरस मीटर येतो, म्हणजे नुकसान नगण्य आहे. डेरिव्हेटिव्ह शून्य असण्याचा अर्थ "तिथे बदल जवळजवळ होत नाही" असा आहे, हे या एका आकड्याने जितके ठसते तितके व्याख्येने ठसत नाही.

तिसरा : नदीच्या पुराबाबत "गेल्या तासात पाणी चढण्याचा वेग कमी झाला आहे" अशी सूचना आली. याचा अर्थ पाणी उतरू लागले असा होतो का? पातळीचा, तिच्या पहिल्या डेरिव्हेटिव्हचा आणि दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा आलेख कच्चा काढून दाखवा. हा प्रश्न चिपळूण परिसरात विचारताना जपावे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने ज्यांच्या घरात पाणी शिरले ते विद्यार्थी समोरच बसलेले असतात. आम्ही नदीचे नाव घालत नाही.

इशारा. नमुना प्रश्नपत्रिका पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. परीक्षेत अनपेक्षित वळण देऊन त्यांना चकवणे ही सुधारणा नव्हे, आणि त्यातून होणारी तक्रार रास्तच असते.

## टप्पा ४ : घटकांचा क्रम लावणे

नेहमीचा क्रम लिमिटची व्याख्या, सांतत्य, डेरिव्हेटिव्हची व्याख्या, नियम आणि शेवटी उपयोग असा असतो. तर्कदृष्ट्या तो निर्दोष आहे, पण ज्या प्रश्नासाठी लिमिटची गरज पडली तो प्रश्नच विद्यार्थ्याला माहीत नसताना त्याला उत्तर दिले जाते. माझ्या मते क्रम असा असावा : तक्त्यातून सरासरी दर, मग लहान होत जाणाऱ्या अवधीतून तात्कालिक दर, मग एका बिंदूपाशी डेरिव्हेटिव्ह, मग डेरिव्हेटिव्ह हे स्वतंत्र फंक्शन, आणि इथे अडल्यावर लिमिटची काटेकोर व्याख्या.

आरंभासाठी भरतीचा तक्ता उत्तम. सुकी (ओहोटी) पूर्ण झाल्यापासून दर तासाला पाण्याची उंची ०.६०, ०.७५, १.०५, १.५०, १.९५, २.२५ आणि २.४० मीटर अशी आहे असे समजा. हे आकडे शिकवण्यासाठी बांधलेले आहेत, पण त्यांच्यामागे दर्यावर्दी लोकांचा स्थूल ठोकताळा आहे : एकूण चढाचे बारा भाग धरले तर सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक भाग पाणी चढते. विद्यार्थ्यांना विचारावे की पाणी सर्वांत जलद केव्हा चढते. किनाऱ्यावरचा मुलगा "मधल्या दोन तासांत" असे चटकन सांगतो आणि पूर्ण भरतीला पाणी "थबकते" हेही त्याला ठाऊक असते. वर्गात येण्यापूर्वीच त्याच्याजवळ असलेले हे डेरिव्हेटिव्हचे ज्ञान आपण एरवी वाया घालवतो.

आता तिसऱ्या तासाच्या क्षणी दर काढायचा आहे. दुसऱ्या ते तिसऱ्या तासाची सरासरी ताशी ०.४५ मीटर येते. हाच चढ कोसाईनच्या वक्राने मांडला, म्हणजे उंची "१.५ वजा ०.९ गुणिले कोसाईन (π गुणिले वेळ भागिले ६)" अशी धरली, तर शेवटच्या अर्ध्या तासाची सरासरी ताशी ०.४६६ आणि अवधी आणखी आटवत नेल्यास दर ०.४७१ कडे सरकतो. विद्यार्थ्यांनी हे आकडे स्वतः गणकयंत्रावर काढावेत. गणकयंत्र रेडियनवर ठेवले आहे का, हे आधी पाहावे. दर वर्षी निदान दहा जण अंशांवर ठेवतात आणि मग वक्रावर शंका घेतात.

इशारा. अवधी जितका लहान तितके उत्तर अचूक, असा समज गणकयंत्र मोडून काढते. फार सूक्ष्म अवधी घेतला की दोन उंचींमधील फरक दाखवायला यंत्राचे अंक पुरत नाहीत आणि उत्तर एकदम शून्य येते. हे मुद्दाम करून दाखवावे. सूत्राने लिमिट का काढायची, हे त्यातून आपोआप कळते.

काटेकोर व्याख्या गाळू नये. तिची जागा तेवढी बदलावी. ही व्याख्या, म्हणजे एप्सिलॉन-डेल्टा, शिकवताना मघाचीच टाकी परत आणावी. पत्र्याचा खर्च ०.०५ चौरस मीटरपेक्षा जास्त वाढू द्यायचा नाही, तर बाजूत किती चूक चालेल? करून पाहिल्यास १२ सेंटीमीटरपर्यंत चालते. मग मर्यादा ०.०१ केली तर? समोरचा मागेल ती मर्यादा, आणि आपण शोधून द्यायची ती सूट, एवढाच त्या व्याख्येचा गाभा आहे.

### शब्दांची अडचण

या टप्प्यातच शब्दांकडे लक्ष द्यावे लागते. "दर" म्हटले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर पापलेटचा भाव येतो, आणि ते चुकीचे नाही, कारण किलोमागे रुपये हाही दरच आहे. तिथून "तासामागे मीटर" कडे नेणे सोपे जाते. "लिमिट" मात्र घात करते. मर्यादा म्हणजे जी ओलांडायची नाही ती, असा व्यवहारातला अर्थ घट्ट बसलेला असल्यामुळे फंक्शन लिमिटपर्यंत पोहोचत नाही किंवा ती पार करत नाही, असा गैरसमज होतो. यावर पडवीतला झोपाळा हे चांगले औषध आहे : सोडून दिलेला झोपाळा मधली जागा दर हेलकाव्याला ओलांडतो आणि तरीही शेवटी तिथेच स्थिरावतो. परीक्षेची उत्तरे इंग्रजीत लिहायची असली, तरी वर्गातले स्पष्टीकरण मराठीत द्यावे आणि फंक्शन, लिमिट, डेरिव्हेटिव्ह ही नावे तशीच वापरावीत. शुद्ध परिभाषेचा आग्रह धरून एकाच गोष्टीला तीन नावे शिकवू नयेत.

## टप्पा ५ : एका तासाची रचना

बोलणे कमी करून प्रश्न वाढवणे हे या टप्प्याचे सूत्र आहे. पन्नास मिनिटांच्या तासात पंधरा मिनिटांहून अधिक सलग व्याख्यान देऊ नये. त्यानंतर चार पर्यायांचा एक संकल्पनात्मक प्रश्न फळ्यावर लिहावा, प्रत्येकाने कोणाशीही न बोलता उत्तर ठरवावे आणि चार रंगांच्या कार्डांपैकी एक वर करावे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना एरिक माझूर यांनी रुळवलेली ही पद्धत आहे. तिला यंत्रे लागत नाहीत आणि वीज गेली तरी ती थांबत नाही, म्हणून आपल्याकडे ती विशेष सोयीची.

पुढची कृती कार्डांवर ठरते. बरोबर उत्तरे एक-तृतीयांशाहून कमी असतील, तर प्रश्न फार पुढचा आहे. मागे जाऊन पुन्हा समजावावे. दोन-तृतीयांशाहून अधिक असतील, तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे जावे. मधल्या स्थितीत मात्र शेजाऱ्याला पटवून द्यायला तीन मिनिटे द्यावीत आणि पुन्हा कार्डे वर करायला सांगावीत. या तीन मिनिटांत वर्गात गलका होतो, तो होऊ द्यावा. बाकांमधून फिरत कोण काय कारण देतो ते ऐकावे.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. शिक्षक पहिल्या फेरीनंतर नकळत बरोबर उत्तर सांगून टाकतो आणि चर्चेला अर्थ उरत नाही. प्रश्न असा निवडला जातो की तो आकडेमोडीने सुटतो, त्यामुळे बोलण्यासारखे काही नसते. पर्याय मनाने रचले जातात, वास्तविक ते निदान चाचणीतील चुकीच्या उत्तरांतून उचलायला हवेत. "२ चा क्ष घात" याचे डेरिव्हेटिव्ह "क्ष गुणिले २ चा क्ष वजा १ घात" असे लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. तो पर्याय ठेवावा आणि मग शून्यापाशी अवधी ०.१, ०.०१ व ०.००१ घेऊन ०.७१८, ०.६९६ आणि ०.६९३ हे आकडे काढून घ्यावेत. त्या चुकीच्या सूत्राने शून्यापाशी शून्य यायला हवे होते, हे कोणी तरी बोलतोच.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात "सर शिकवतच नाहीत, आम्हालाच विचारतात" अशी तक्रार प्राचार्यांपर्यंत जाईल. ती जाण्यापूर्वीच प्राचार्यांना भेटून यावे. सोबत आधार हवा असेल तर एक आहे : २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात केवळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. ते अभ्यास विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या अनेक विषयांचे आहेत, एकट्या कलनाचे नाहीत. तेवढे प्रामाणिकपणे सांगून मगच तो आकडा वापरावा.

## टप्पा ६ : प्रात्यक्षिके, आणि पावसाचे वेळापत्रक

कोकणात प्रात्यक्षिकांची आखणी ऋतूवर ठरते आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. दराचा विचार जुलैत शिकवायचा असतो, पण तेव्हा समुद्र खवळलेला असतो. साठवणीचा विचार, म्हणजे इंटिग्रल, शिकवायला घेईपर्यंत पाऊस संपतो. उपाय सोपा आहे : पाऊस आधी गोळा करावा आणि नंतर वापरावा, भरती आधी कागदावर वापरावी आणि नंतर मोजावी.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर सरळ उभ्या भिंतींचा डबा ठेवावा आणि पावसाच्या एका दिवशी दर तासाला त्यातील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये नोंदवावी. निमुळत्या बाटल्या वापरू नयेत, मोजमाप चुकते. समजा सहा तासांत अनुक्रमे ४, १२, ३०, २२, १० आणि ६ मिलिमीटर पाऊस पडला. एकूण ८४ होतो. हवामान विभाग २४ तासांतील ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला जोरदार म्हणतो, त्यात तो बसतो. इंटिग्रल दुसऱ्या सत्रात असले तरी ही वही जुलैतच उघडावी.

वेळ येईल तेव्हा दोन आलेख एकाखाली एक काढून घ्यावेत : वर ताशी पाऊस, खाली साठलेला पाऊस, म्हणजे ४, १६, ४६, ६८, ७८, ८४. चौथ्या तासात वरचा आलेख उतरतो आणि खालचा चढतच राहतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी फंक्शनचा आणि त्याच्या डेरिव्हेटिव्हचा आलेख सहसा पुन्हा गल्लत करून काढत नाही, आणि दर व साठा यांचे नाते सांगणारा कलनाचा मूलभूत सिद्धांत त्याच्या वहीत सूत्राआधी येऊन बसलेला असतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या हिशेबाने ६० चौरस मीटर जमीन झाकणाऱ्या कौलारू छपरावरून त्या सहा तासांत ५०४० लिटर पाणी ओघळले, हेही काढून घ्यावे. छपराचा उतरता पृष्ठभाग धरायचा नाही, खालची झाकलेली जमीन धरायची. ही चूक शिक्षकांकडूनही होते.

भरतीचे मोजमाप नवरात्रानंतर घ्यावे. दर पाच सेंटीमीटरला रंगाने खुणा केलेला बांबू धक्क्याच्या कठड्याला घट्ट बांधावा आणि दर वीस मिनिटांनी, लाटेचा माथा व तळ यांच्या मधली पातळी वाचावी. सहा तास कोणी उभे राहत नाही, म्हणून तीन-तीन जणांच्या पाळ्या लावाव्यात. त्याआधी तिथीचा पारंपरिक हिशेब वर्गात करून घ्यावा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास. या हिशेबात भरती तिथीमागे ४५ मिनिटांनी पुढे सरकते, तर प्रत्यक्षातील सरासरी उशीर दिवसाला सुमारे ५० मिनिटांचा असतो. दिवसाची पाच मिनिटे पंधरवड्यात किती साचतात आणि ठोकताळा तरीही का टिकून राहतो, यावर चांगली चर्चा होते. दर पौर्णिमा-अमावास्येला तो पुन्हा नव्याने सुरू होतो, हे शेवटी विद्यार्थ्यांनाच सापडते.

इशारा. खडकांवर, किंवा उधाणाच्या दिवशी, मोजमाप घेऊ नये. भांगाची (अष्टमीच्या सुमाराची, कमी चढउताराची) भरती निवडावी, पालकांना व महाविद्यालयाला लेखी कळवावे, आणि किनाऱ्यावरच्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घ्यावे. आकडे कमी मिळाले तरी चालतील.

संगणकाबद्दल थोडेच. जिओजेब्रा आणि त्याच्यासारखेच डेस्मॉस मोबाइलवर चालतात, पण गावात रेंज नसते. म्हणून त्यावर गृहपाठ देऊ नये. आधी आलेखकागदावर हाताने, मग पडद्यावर, हा क्रम ठेवावा.

## टप्पा ७ : उंबरठा चाचणी

अर्थावर भर दिला की नियमांचा हात ढिला पडतो, ही टीका खरी आहे आणि तिचे उत्तर आखणीतच असावे. सात डेरिव्हेटिव्ह, वीस मिनिटे, सहा बरोबर आले तरच उत्तीर्ण, अर्धे गुण नाहीत, आणि हवे तितक्या वेळा पुन्हा देण्याची मुभा, अशी छोटी चाचणी ठेवावी. अंतर्गत गुणांतील थोडा हिस्सा तिला द्यावा. प्रत्येक वेळी प्रश्न बदलावेत. त्यासाठी निदान आठ संच लागतात आणि ते जूनमध्येच तयार असावेत. तपासायला तृतीय वर्षाचे विद्यार्थी मदत करू शकतात, त्यांचीही उजळणी होते. चेन रूलवर (फंक्शनच्या आतील फंक्शनचे डेरिव्हेटिव्ह काढण्याच्या नियमावर) अडणारे बरेच जण तिसऱ्या खेपेस पार होतात. जो पाचव्या खेपेसही अडतो त्याची अडचण बहुधा डेरिव्हेटिव्हची नसून घातांकांची असते.

## टप्पा ८ : फरक पडला का ते मोजणे

सत्राच्या शेवटी तीच निदान चाचणी, पुन्हा बिनगुणांची, घ्यावी. केवळ सरासरी वाढली असे म्हणू नये; वाढायला जागा किती होती त्या मानाने किती वाढली ते काढावे. आधीची सरासरी ४० टक्के आणि नंतरची ६४ असेल, तर ६० पैकी २४ म्हणजे ०.४ इतकी वाढ झाली. दोन्ही चाचण्या दिलेल्या विद्यार्थ्यांचेच कागद धरावेत. मधल्या काळात वर्ग सोडून गेलेले बहुधा कच्चे असतात आणि त्यांना आधीच्या सरासरीत ठेवले तर सुधारणा फुगून दिसते. शक्य असल्यास जुन्या पद्धतीने शिकलेल्या तुकडीलाही ती चाचणी द्यावी, पण त्या तुकडीच्या शिक्षकाची संमती घेऊन, आणि निकाल विभागाबाहेर न नेता.

पहिल्या वर्षी वाढ लहान दिसली तर चाचणीचे तिन्ही ढीग पुन्हा वेगळे करून पाहावेत. आमच्याकडे आलेख वाचण्याचा ढीग लवकर आटला, बीजगणिताचा जेमतेम हलला, म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही कार्डांचे प्रश्न होते तसेच ठेवले आणि ट्युटोरियलचे तास तेवढे वाढवून घेतले.